मुखकर्करोगाचे शीघ्र निदान : ऐतिहासिक आढावा

ओठ, जीभ, हिरड्या, गालांची आतील बाजू, मुखतल व टाळू यांत उद्‌भवणाऱ्या मारक अर्बुदास मुखकर्करोग म्हणतात. पुरेसा प्रकाश व जाणती नजर असल्यास तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. तथापि प्रारंभी वेदना बहुधा नसल्यामुळे पुष्कळ रुग्ण रोग बळावल्यावरच उपचारार्थ येतात. ही विसंगती दूर करण्याचे प्रयत्न हाच या निदानाचा इतिहास होय.

हंगेरियन त्वचारोगतज्ञ श्विमर यांनी १८७७ मध्ये तोंडातील पांढऱ्या चट्ट्यांस ‘ल्युकोप्लाकिया’ हे नाव दिले. काही चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते, हे कालांतराने स्पष्ट झाले. भारतात मद्रास येथील निब्लॉक यांनी १९०२ मध्ये व त्रावणकोरमधील ऑर यांनी १९३३ मध्ये विडा चघळणे व हा रोग यांच्या संबंधाकडे लक्ष वेधले. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील (स्थापना १९४१) विकृतिवैज्ञानिक व. रा. खानोलकर यांनी १९४४ मध्ये एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. मुंबईचेच एस्. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये वर्णिलेली, तोंड उघडणे कठीण करणारी अधःश्लेष्मकला तंत्वात्मकता (अस्तराखालील ऊतक ताठर होण्याची विकृती) पुढे कर्करोगपूर्व अवस्था ठरली.

हे संशोधन मुख्यतः रुग्णालयात आलेल्यांपुरते होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता व सहकाऱ्यांनी खेडोपाडी तपासणी केली. महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या पाहणीचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या लोकसंख्येस पुरे पडतील इतके दंतवैद्य कोठून आणावयाचे, हा प्रश्न मात्र उरला. प्रशिक्षित आरोग्यसेवक संशयास्पद विकृती ओळखू शकतात, असे १९८० नंतरच्या दशकात श्रीलंका व केरळ येथील प्रयोगांत दिसून आले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये ३५ वर्षे व त्यांवरील व्यक्तींवर सुरू झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटातील तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३४ टक्क्यांनी कमी आढळले. एकूण लोकसंख्येत मात्र फरक निर्णायक ठरला नाही.

दोनतीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा वा लाल चट्टा, गाठ, तोंड कमी उघडणे व मानेतील टणक गाठ ही लक्षणे तपासणीस पात्र होत. यांपैकी लाल चट्टा विशेष धोक्याचा असतो. अंतिम निर्णय जीवोतक परीक्षेनेच (ऊतकाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून) होतो. परंतु त्या परीक्षेपर्यंत रुग्ण वेळेवर पोहोचणे हे प्रथम पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असते.