आव्हरकाम्पचा बर्फ: ओळीओळीने

आम्सटरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये हेन्ड्रिक आव्हरकाम्पचे १६०८ च्या सुमाराचे हिवाळी चित्र आहे. लाकडी फळीवरचे तैलचित्र, सुमारे ७७ सेंटिमीटर उंच आणि १३२ रुंद, गोठलेल्या पाण्यावर माणसांची दाटी. भाष्याला संहिता हवी आणि चित्राला ती नसते. म्हणून जे दिसते ते ओळींत मीच बांधले आहे.

डाव्या कोपऱ्यात जुने दार, काठीच्या टेकूवर तिरपे ।

हा पाखरांचा सापळा. काठी ओढली की दार पडते. तो आधीच्या पिढीतल्या ब्रूगेल या चित्रकाराच्या १५६५ च्या चित्रातून आला, हे अभ्यासकांना मान्य आहे. तिथे एका बाजूला सापळा आणि दुसऱ्या बाजूला बर्फावर खेळणारी माणसे असल्यामुळे अर्थ लावणे सोपे जाते: पाखरू बेसावध, माणूसही बेसावध. ब्रूगेलच्या अँटवर्पमधल्या स्केटिंगच्या खोदचित्राला तर पुढच्या आवृत्तीत आयुष्याच्या निसरडेपणाचा मथळाच जोडला गेला. तोच उपदेश आव्हरकाम्पवर लादणे मला पटत नाही. तेविशीच्या आसपासचा हा चित्रकार गुरुस्थानी असलेल्याला नमस्कार करतो आहे, इतके पुरे.

मेलेल्या जनावरावर कुत्रा आणि कावळा ।

कडक हिवाळ्यात गुरे मरतात. कुणी तिकडे वळूनही पाहत नाही.

इमारतीवर अँटवर्पचे शहरचिन्ह ।

उत्तरेकडच्या गावात दक्षिणेचे चिन्ह कशाला? १५८५ मध्ये अँटवर्प स्पॅनिश फौजेच्या हाती पडले आणि कारागीर, व्यापारी, चित्रकार उत्तरेकडे निघाले. आव्हरकाम्पचा जन्म त्याच वर्षीचा, आम्सटरडॅमचा. वाढला मात्र काम्पेनमध्ये, औषधविक्रेत्या बापाच्या घरी. उंचावरून पाहिलेले, गजबजलेले निसर्गचित्र त्याला या निर्वासितांच्या परंपरेतून मिळाले. ते चिन्ह मी त्या ऋणाची खूण म्हणून वाचतो.

पायाला लाकडी तळ, त्याखाली लोखंडी पाते ।

इथे थांबायला हवे, कारण चित्रातली सगळी हालचाल या पात्यावर उभी आहे. त्याआधी शतकानुशतके लोक जनावरांच्या नळीची हाडे पायाखाली बांधत. हाड घसरते, पण त्याला धार नसते. पायाने रेटा देता येत नाही, म्हणून हातातली टोकदार काठी बर्फात रोवून पुढे जायचे. धारेचे लोखंडी पाते आले तसा पाय तिरपा टाकून, एका पायावरून दुसऱ्यावर भार देत जाता येऊ लागले. काठी सुटली आणि हात मोकळे झाले. मग त्या हातांत कोल्फ या चेंडूच्या खेळाची काठी आली, नाहीतर सोबतीणीचा हात! १४९८ च्या एका काष्ठमुद्रेत स्खीडामची संत लिडविना बर्फावर पडलेली दिसते. स्केटिंगच्या सर्वांत जुन्या चित्रांपैकी ते एक. तिच्यामागचा माणूस मात्र एक पाय उचलून, रिकाम्या हातांनी सफाईदार निघाला आहे. त्याच्या पायात हाड नव्हते, एवढे त्यावरून कळते.

मखमल आणि ठिगळे एकाच बर्फावर. कुणी पडले, कुणाचे ढुंगण उघडे।

बर्फावर सगळे समान, असे नेहमी म्हटले जाते. ते अर्धेच खरे. उंची कपड्यांतली जोडपी आपापल्या घोळक्यात आहेत आणि बर्फावर काम करणाऱ्यांना खेळायला सवड नाही. लघवी करणारा आणि चुंबाचुंबी करणारेही चित्रकाराने वगळलेले नाहीत. पाहुणे येतील म्हणून घर आवरायची त्याची वृत्ती नव्हती.

क्षितिज खूप वर, फिकट होत विरलेले ।

या फिकटपणात लोक खरी थंडी शोधतात. १६०७-०८ चा हिवाळा युरोपभर कडाक्याचा होता. ‘छोटे हिमयुग’ म्हटल्या जाणाऱ्या त्या थंड कालखंडावरचे लेख हे चित्र हटकून छापतात. पण चित्र म्हणजे तापमापक नव्हे. आव्हरकाम्प सुट्या आकृत्या कागदावर काढून ठेवी आणि खोलीत बसून त्या फळीवर जुळवी. एकच माणूस त्याच्या अनेक चित्रांत भेटतो.

उजवीकडच्या लाकडी खोपटावर नाव खरडलेले ।

सही अशी, जणू एखाद्या पोराने भिंतीवर कोरली. हा चित्रकार बोलू शकत नसे. लोक त्याला ‘काम्पेनचा मुका’ म्हणत. वाणी नव्हती म्हणून नजर तीक्ष्ण झाली, हे विधान मला फार आळशी वाटते. नजर त्याने आम्सटरडॅममध्ये पीटर इसाक्सझ या चित्रकाराकडे शिकून कमावली होती. खोपटावर त्याने पहिले नाव लॅटिन वळणाने पूर्ण लिहिले आहे, आडनावाची फक्त सुरुवात. पुढे बहुतेक चित्रांवर तो एच आणि ए ही गुंफलेली आद्याक्षरे तेवढी टाकतो.