भाकरीचा तवा, धिरड्याचा तवा

जठारपेठेतल्या आमच्या घरात दोन काळे तवे आहेत. भाकरीचा लोखंडी, धिरड्यांचा बिडाचा. दिसायला सारखे, म्हणून धुणारीही दोघांना एकाच मापाने घासते. पण त्यांचा जन्मच वेगळा आहे.

लोखंडी तवा ठोकून घडतो. गाडीवर संसार घेऊन फिरणारे घिसाडी गावाबाहेर भाता लावून तवे, विळे, पळ्या करून देत. बिडात कार्बन 2 टक्क्यांहून जास्त. ते ठोकलं की तडकतं, म्हणून वितळवून साच्यातच ओतायचं. चीनमध्ये हे काम दोन हजार वर्षांपूर्वीही होत होतं. इंग्लंडात अब्राहम डार्बीने वाळूच्या साच्यात भांडी ओतण्याचं पेटंट घेतलं ते 1707 साली. आपल्याकडे किर्लोस्करवाडी 1910 मध्ये वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून तिथे नांगर झाले. (तोफेचा नांगर! मला ही गोष्ट फार आवडते.)

तापलेल्या बिडावर गार पाणी ओतलं तर तडा जातो, आणि तो लोहाराला ठोकून सांधता येत नाही. लोखंडी तव्याला राख, विटेचा भुगा चालतो. बिडाचा तेलाचा थर त्याने निघून जातो. त्याला कोमट पाणी आणि काथ्या पुरे. आमच्यात खरकटं भांडं दोन घटका, म्हणजे 48 मिनिटं, ओलं ठेवत नाहीत, जीव पडतात म्हणून. गंजही तसाच टळतो. मग आचेवर कोरडा करून जवसाचं तेल अगदी पातळ पुसायचं. हे तेल सुकून थर धरतं.