पोट बिघडले म्हणून त्वचा बिघडते का?

अंगावर चट्टे उठले, खाज सुटली, की घरातले मोठे म्हणतात, "पोट साफ नाही, रक्त खराब झालंय." ही समजूत आयुर्वेदातून आली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला ७ वा अध्याय कुष्ठावर आहे. तिथे कुष्ठ म्हणजे फक्त महारोग नव्हे. त्वचेच्या १८ विकारांचे ते एकत्रित नाव आहे, आणि गजकर्णही (दद्रू) त्यातच येतो. दूध-माशासारखा विरुद्ध आहार, आधीचे पचण्याआधी पुन्हा जेवणे, उलटी दाबून धरणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. अग्नी मंदावतो, न पचलेल्या अन्नाचा 'आम' होतो आणि बिघडलेले दोष त्वचा, रक्त, मांस व लसीका दूषित करतात, अशी ही मांडणी आहे.

'आम' आम्हाला तपासणीत मोजता येत नाही. तरीही काही आजारांत आहाराचा संबंध पक्का आहे. सीलिअ‍ॅक आजारात गहू सोसत नाही. त्यातल्या काहींना कोपरांवर, गुडघ्यांवर खाजरे फोड येतात, आणि गहू बंद केल्यावर ते हळूहळू आटोक्यात येतात. वजन जास्त असलेल्या सोरायसिसच्या रुग्णाला वजन उतरवल्याचा फायदा होतो. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते, याला मात्र पुरावा नाही.

गजकर्णाचे तसे नाही. आपल्या कन्नडकडे पावसाळ्यात दिवसभर ओल्या कपड्यांत शेतात राबणाऱ्यांच्या जांघेत तो होतो, तो बुरशीमुळे. पथ्याने किंवा जुलाबाने बुरशी मरत नाही. मेडिकलवरून विचारून आणलेल्या मलमात बऱ्याचदा स्टिरॉइड असते. खाज दोन दिवसांत थांबते, चट्टा मात्र पसरत राहतो. बुरशीचे औषध डॉक्टर सांगतील तितके दिवस लावा, घरात आणखी कोणाला असेल तर त्यांचेही उपचार सोबतच करा. वारंवार होत असेल तर रक्तातली साखर तपासा.

वमन-विरेचन करायचे असेल तर पदवीधर वैद्यांकडेच. गरोदर असाल किंवा हृदयाचा, किडनीचा आजार असेल तर आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. लेबल नसलेली पुडी घेऊ नका, तिच्यात स्टिरॉइड किंवा पारा असू शकतो.

एका चट्ट्यासाठी मात्र पथ्य करत थांबू नका: फिकट किंवा लालसर, न खाजणारा, जिथे टोचलेले किंवा गरम-गार कळत नाही. तो आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो तो असू शकतो. ६ किंवा १२ महिन्यांच्या औषधाने तो बरा होतो, आणि हे औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळते. उशिराने वाकडी झालेली बोटे मात्र गोळ्यांनी सरळ होत नाहीत.