मूल घरी, उपचार शेजारी

माझ्या धाकट्याने नवव्या वर्षी बोलणेच टाकले. रात्री किंचाळत उठे. मी अंगारे-धुपारे केले, चिडून मारलेही. पुढे एका बालमार्गदर्शन केंद्रात गेले, तेव्हा या केंद्रांचा इतिहास कळला.

मुंबईस नागपाड्यात १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले. त्याने १९३७ साली असे केंद्र उघडले. भारतातील ते पहिले मानतात. अशा केंद्राची रीत साधी आहे : मूल घरीच राहते, डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ व समाजसेविका मुलाशी बोलतात, तसेच आईशी आणि शाळेशीही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मुलाला रुग्णालयात ठेवणे अपवादच ठरवले.

माझा मुलगा आता बोलतो. अशी आई भेटली, तर तिला बोल लावू नका, सोबत जा.