पावलांची वीज

मनुष्याच्या पावलांना कामास जुंपण्याचा इतिहास जुना असून त्याचें एक पान मोठें कठोर आहे. १८१८ सालीं विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनियरानें तुरुंगांसाठीं पायचक्र तयार केलें. चक्राच्या घेरावर पायऱ्या बसविलेल्या असत. कैद्यानें चढत राहावें आणि पायरीनें त्याच्या पायाखालून सरकत जावें. कोठें त्यावर धान्य दळलें जाई, कोठें पाणी उपसलें जाई. पण पुष्कळ तुरुंगांत तें नुसता वाराच दळीत असे! १८९८ च्या तुरुंग-कायद्यानंतर ही शिक्षा मावळली.

त्याच शतकांत दोन शोध लागले. लोहचुंबक व तारेचें वेटोळें यांपैकीं एक हालविलें असतां तारेंत वीज उत्पन्न होते, हें १८३१ मध्यें मायकेल फॅराडे यानें दाखविलें. पुढें १८८० मध्यें झाक व प्येर क्यूरी या फ्रेंच बंधूंना आढळलें कीं, कांहीं स्फटिकांवर दाब दिला असतां त्यांच्या पृष्ठांवर विद्युद्भार प्रकट होतो. पावलांत हालचाल आहे व दाबही आहे. तेव्हां या दोन्ही शोधांना तें उपयोगी पडावें, हें ओघानेंच आलें.

एकविसाव्या शतकांत या कल्पनेची चांचणी भर गर्दींत झाली. तोकियो स्टेशनांत २००६ व २००८ सालीं उतारूंच्या वाटेवर दाबानें वीज देणाऱ्या फरशा घालून पाहिल्या. २००८ मध्येंच रॉटरडॅमच्या एका नृत्यगृहांत नाचणाऱ्यांच्या पायांनीं दबणारी जमीन बसविली. २०१४ मध्यें ब्राझीलांत, रिओ शहराच्या एका टेंकडीवरील गरीब वस्तींत, फुटबॉलच्या मैदानाखालीं सुमारें दोनशें फरशा पुरल्या. उद्घाटनास प्रख्यात खेळाडू पेले हजर होते. मुलें दिवसा धांवत, आणि त्या विजेवर रात्रीं मैदानाचे दिवे लागत. मात्र जोडीला सूर्यशक्तीचे पत्रेही लावावे लागले होते.

ते कां लावावे लागले, हें साध्या हिशेबानें उमगेल. साठ किलोग्रॅम वजनाच्या मनुष्यानें फरशी पांच मिलिमीटर दाबली, तर एका पावलाची शक्ति सुमारें तीन जूल. घरच्या मीटरावरील एक युनिट म्हणजे ३६ लाख जूल. यंत्रांत कांहींच वायां जात नाहीं असें धरलें, तरी एका युनिटास १२ लाख पावलें हवींत! शिवाय ही शक्ति फुकटची नव्हे. फरशी दबते तेवढी चढण चालणाऱ्यास अधिक पडते, आणि तिची किंमत त्याच्या अन्नांतून फिटते.

मग हा सारा खटाटोप व्यर्थच काय? तसेंही नाहीं. एका पावलावर पांच वॉटचा एल.ई.डी. दिवा अर्ध्या सेकंदाहून किंचित् अधिक वेळ जळेल. जेथें गर्दी दाट व गरज अल्प, तेथें ही वीज शोभेल. नगरें उजळण्याची आशा मात्र तिच्याकडून धरूं नये. कैद्याचे श्रम वाऱ्यावर गेले, खेळणाऱ्या मुलांचे दिव्याच्या कामीं आले. दोन शतकांत एवढा पालट झाला, हेंही थोडें नव्हे.