परमुलखातली मायबोली : रशियन मुलांची शंभर वर्षे



१२ डिसेंबर १९२३ रोजी चेकोस्लोव्हाकियातील मोरावस्का त्रेबोवा या लहानशा गावातल्या रशियन विद्यालयात नेहमीचे तास बंद ठेवण्यात आले. मुलांपुढे कोरे कागद ठेवले आणि एकच विषय दिला : १९१७ सालापासून या शाळेत येईपर्यंतच्या माझ्या आठवणी. पाचशेच्या आसपास मुले लिहायला बसली. पुढे इतर देशांतील रशियन शाळांनीही हाच विषय दिला आणि सगळे मिळून दोन हजार चारशेच्या वर निबंध जमले. क्रांती, यादवी युद्ध, उपासमार, आगबोटीवरचा पळ हे सारे त्यांत आहे, आणि इतिहासकार ते निबंध त्यासाठीच वाचतात.

मला मात्र दुसरीच गोष्ट खुणावते. ही मुले आपले दुःख रशियन भाषेत लिहू शकली. त्यांच्या मुलांना तसे लिहिता आले असते काय?

यादवी युद्धानंतर दहा लाखांहून अधिक माणसे रशियाबाहेर पडली. डिसेंबर १९२१ च्या फर्मानाने सोव्हिएट सरकारने त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. १९२२ पासून त्यांच्या हाती आला तो नान्सेन पासपोर्ट. घर गेले, देश गेला. उरली ती भाषा. चेकोस्लोव्हाकियाच्या सरकारने १९२१ पासून या निर्वासितांच्या शिक्षणासाठी सढळ हाताने पैसा दिला. मोरावस्का त्रेबोवाचे विद्यालय मूळचे कॉन्स्टँटिनोपलचे. ते तेथून उचलून आणून येथे वसवले. वसतिगृह, शिक्षक, पुस्तके, सारे रशियन. १९२३ मध्ये प्रागला वासिली झेन्कोव्स्की यांच्या नेतृत्वाखाली एक शिक्षण-मंडळ उभे राहिले. मुले आपले रशियनपण विसरतील ही त्याची मोठी चिंता होती.

परंतु सगळ्यांच्या वाट्याला प्राग आले नाही. पॅरिसजवळच्या बियाँकूर येथे रेनो मोटारींचा कारखाना होता. तेथे हजारो रशियन कामाला लागले. त्यांत कालचे सैनिक आणि अधिकारीही होते. लोक थट्टेने त्या वस्तीला ‘बियांकुर्स्क’ म्हणत. नीना बेर्बेरोवा या लेखिकेने तेथल्या जीवनावर कथा लिहिल्या. आता असे घर डोळ्यांपुढे आणा. बाप कारखान्यात, आई शिवणकामावर, मूल फ्रेंच शाळेत. गल्ली फ्रेंच, खेळ फ्रेंच. गुरुवारी फ्रेंच शाळांना सुट्टी असे, म्हणून रशियन मंडळींनी गुरुवारच्या शाळा काढल्या. आठवड्याचे सारे दिवस एका भाषेचे आणि एका दिवसाचे काही तास दुसऱ्या भाषेचे, असा तो हिशेब होता. तो जमला नाही यात मुलांचा काय दोष?

या मंडळींनी आणखी एक उपाय केला. १९२५ पासून देशोदेशी पुश्किनच्या जयंतीला ‘रशियन संस्कृती दिन’ साजरा होऊ लागला. भाषणे, गाणी, काव्यवाचन होई. पण ज्याच्या नावाने हा उत्सव, त्या पुश्किनचे बालपण कसे होते? १७९९ साली जन्मलेल्या त्या मुलाच्या घरी आईबापांची भाषा फ्रेंच होती. त्याच्या कानी रशियन पडली ती आजी मारिया हानिबाल आणि दाई अरीना रोदियोनोव्ना यांच्या तोंडून. आणि ही दाई भूदासाच्या घरी जन्मलेली बाई. पुढे शंभर वर्षांनी व्लादिमिर नाबोकोव्हच्या घरीही तोच प्रकार. १९०५ च्या सुमारास त्याच्या वडिलांच्या ध्यानात आले, की मुलांना इंग्रजी वाचता येते आणि रशियन येत नाही. मग गावच्या शाळामास्तरांना बोलावून अक्षरओळख करून दिली. म्हणजे रशियन मूल रशियातही आपोआप रशियन वाचू लागत नसे! कोणीतरी त्याच्यापाशी रोज बसावे लागे.

हे ‘रोज बसणे’ नसले तर काय होते, ते भाषाशास्त्रज्ञांनी आता बारकाईने पाहिले आहे. रशियन भाषेत आपल्या मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. ‘अक्नो’ म्हणजे खिडकी. शेवटच्या ओ-वर आघात पडतो, तो स्पष्ट ऐकू येतो, आणि शब्द नपुंसकलिंगी आहे हे कळते. ‘याब्लोको’ म्हणजे सफरचंद. तेही नपुंसकलिंगीच; परंतु आघात पहिल्या अक्षरावर असल्याने शेवटचा ओ बोलताना अ-सारखा होतो, आणि अ-आ हा तर बहुधा स्त्रीलिंगी शब्दांचा शेवट. ज्याला वाचता येते त्याला पुस्तकात ओ दिसतो. जे मूल केवळ ऐकते त्याला तो दिसणार कोठून? मारिया पोलिन्स्की यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेत वाढलेल्या रशियन घरांतील माणसांत हेच आढळले. ज्यांची भाषा अधिक क्षीण झाली होती त्यांच्या बोलण्यात लिंगे दोनच उरली होती. नपुंसकलिंग स्त्रीलिंगात विरले होते. हिंदी मुलखात वाढलेले मराठी घरचे पोर ‘पाणी आला’ म्हणते तेव्हा आपण हसतो. हसू नये. कानावर जेवढे आले त्यातून त्याने आपले व्याकरण प्रामाणिकपणे रचलेले असते.

आता इतिहासाचे दुसरे पान. १९८९ नंतरच्या दहा-अकरा वर्षांत सोव्हिएट संघातून आणि तो मोडल्यावर त्याच्या घटक देशांतून इस्रायलला नऊ-दहा लाख माणसे गेली. इंजिनियर रस्ते झाडू लागले, प्राध्यापिका फरशी पुसू लागल्या. हाल बियाँकूरहून फार निराळे नव्हते. पण एक फरक होता : ही कुटुंबे आजी-आजोबांसह आली. तीन पिढ्या एका लहान घरात राहिल्या. आईबाप कामावर गेले की मूल आजीपाशी, आणि आजीला हिब्रू येत नसे. शिक्षक मंडळींनी संध्याकाळचे वर्ग आणि बालवाड्या काढल्या. काही बालवाड्यांत आधी रशियनचा पाया घालून मग हिब्रू आणली जाई.

घरची भाषा शाळेच्या भाषेच्या आड येते, अशी भीती तेथेही होती. २००५ साली मिला श्वार्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीतली मुले तपासली. हिब्रू वाचनाआधी ज्यांना रशियन वाचता येत होते, ती मुले शब्दातले सुटे ध्वनी ओळखण्यात नुसती रशियन बोलणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. यात नवल नाही. हिब्रू लिपीत मुख्यतः व्यंजने लिहितात. रशियन लिपीत प्रत्येक स्वराला स्वतंत्र अक्षर आहे. एका भाषेने दुसरीचा कान तयार केला. तरीही सारे आलबेल नाही. आजीशी रशियन बोलणारी भावंडे आपसांत हिब्रूच बोलतात, आणि आजी काही अमर नसते.

मी हे का सांगतो? आमच्या सोलापुरात तेलुगू कामगारांची घरे पुष्कळ. युनियनच्या सभांतून मी वर्षानुवर्षे सांगत आलो : घरीसुद्धा मराठी बोला, पोरे पुढे जातील. सांगताना हेतू चांगलाच होता. एकदा एक वृद्ध विडी कामगार बाई फंडाचा कागद घेऊन कचेरीत आल्या. बरोबर नातू होता. बाई तेलुगूतून घडाघडा बोलू लागल्या. मी नातवाकडे पाहिले. तो म्हणाला, “साहेब, आजी काय म्हणते ते मला नीट कळत नाही.” मला मोडकेतोडके तेलुगू येते. त्या दिवशी आजीचे म्हणणे तिच्या नातवाला मी मराठीत समजावून सांगितले. तो सल्ला मी पुन्हा कोणाला दिलेला नाही.

मायबोलीचा अभिमान बाळगा, असे उत्सवात सांगणे सोपे असते. बियाँकूरच्या लोकांना अभिमान थोडा होता असे कोण म्हणेल? त्यांच्याजवळ नव्हता तो वेळ. मूल भाषा शिकते ते जागेपणीच्या तासांत, आणि ते तास आईबापांच्या पाळीत, जादा कामात, घरापासून कारखान्याच्या अंतरात खर्च होतात. आठ तासांच्या दिवसासाठी माणसे लढली तेव्हा त्यांना विश्रांती हवी होती, तशी आपल्या लेकरांशी चार शब्द बोलायला सवडही हवी होती. पाळणाघर, वेळेवर सुटणारी पाळी आणि घरच्या भाषेतले एखादे चित्रांचे पुस्तक या मागण्या मी आता एकाच कागदावर लिहितो. आपल्या शेजारी परभाषी घर असेल तर तेथल्या मुलाला एवढेच विचारा : आजी तुला कोणती गोष्ट सांगते? आणि त्याने आपल्या भाषेत सांगितली, तर ती पुरती ऐकून घ्या.