तोरण उतरवायचं नाही

परतूर स्टेशनात तुम्ही निजामाच्या मीटरगेज गाडीतून उतरता. साल 1946, नवरात्र सरत आलंय. आधी पैसे मोडून घ्या, सहा इंग्रजी कलदारांचे सात निजामी हाली रुपये मिळतात. मग आष्टीची बैलगाडी. कापूस बोंडावर आहे आणि ज्वारीच्या बांधाला कुरडू माजलाय, पांढऱ्या-गुलाबी तुऱ्यांचा. कुणब्याच्या लेखी तो तणच. तरी गाडीवान उतरून विळ्यानं पेंढी कापून घेतो. म्हातारीनं मागितलीय म्हणे.

म्हातारीचं घर माळवदाचं. परसात नहाणीचं पाणी जिरतं तिथंच झेंडू, कोंबडा, गुलबक्षी. फुलांसाठी आडाचं पाणी वेगळं शेंदायला इथं कुणाला सवड आहे!

ती तुम्हालाही कामाला लावते. कोंबडा तोडायचा तो पुरता भरल्यावर, पण खालचं काळं बी सांडायच्या आत. पानं ओरबाडायची, चार-पाच देठांची जुडी अंबाडीच्या वाखानं बांधायची आणि अंधाऱ्या कोठीत तुळईला उलटी टांगायची.

"उन्हात नगं टाकू बाळा, रंग उडतो. अन् लई दाट बांधशील तर आतून बुरसतंय."

आठवड्यानं जुड्या परत आवळाव्या लागतात, कारण देठ सुकताना आकसतो, गाठ ढिली पडते आणि सगळं खाली येतं. कोंबड्याच्या तुऱ्याला बोट लावून पाहा. ताजा असतानाच तो मखमलीसारखा कोरडा लागतो. कुरडूचंही तसंच, पाकळ्या कागदी, ओल नावाला. म्हणून दोघं सुकूनही आकार सोडत नाहीत. झेंडू पाणीदार, तो चिमतो.

दिवाळीत देवळीतल्या पितळी तांब्यात हेच तुरे दिसतील. देवघरात मात्र नाहीत. शिळं फूल देवाला चालत नाही, इथं म्हातारी ऐकायची नाही.

दसऱ्याला आंब्याच्या पानांत झेंडू ओवून तोरण चढतं. दुसऱ्या दिवशी काढायला तुम्ही हात वर करता आणि बोलणी खाता. ते वर्षभर दारावरच राहायचं. ऑक्टोबरच्या उन्हात झेंडू करपतो, तपकिरी होतो, दिसायला अगदीच वाईट. पण एक बोंड चुरगाळा: तळहातावर काळ्या काड्या पडतात, टोकाला पिवळट कुसळ. हेच बी. निम्मं तोरण मृगात परसात कुस्करायचं, उरलेलं राखेत घोळून उतरंडीच्या वरच्या गाडग्यात. झेंडू मुळात मेक्सिकोचा, पोर्तुगीजांच्या काळात इकडं आलेला. म्हातारीला हे सांगायच्या भानगडीत पडू नका.

आता 1973 च्या मृगात या. राज्य बदललं, हाली गेली, आष्टी परभणी जिल्ह्यात आहे. मधलं 1972 कोरडं गेलं. माणसं खडी फोडायला गेली, मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडीवर राहिली. नहाणीलाच पाणी नव्हतं, झेंडू कुठला? त्या दसऱ्याला नुसतं आंब्याचं डहाळं लागलं. 1971 चं तोरण तेवढं कुणी काढलं नव्हतं.

त्या म्हातारीची सून आता म्हातारी झालीय. जुनं तोरण उतरवून ती ओल्या मातीवर चुरते. दोन वर्षांचं बी, जोर कमी झालेला. तिची सून विचारते, "उगवंल का वो?"

"निम्मं उगवलं तरी दारापुरतं होतंय."